रिकामा ठेका

प्रिय रोडेल,

रेडिओ बंद करायला मी हात पुढे केला, पण तो बटणापर्यंत पोचला नाही. बोटांना मक्याचं पीठ लागलं होतं. कढईत भेंडी तळत होती. आणि तू तिकडे अटलांटाच्या सभागृहात भरगच्च लोकांसमोर म्हणत होतास, "माझी आई हल्ली बोलत नाही. म्हणून आज पहिल्यांदा मी जिंकणार." लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की तू थट्टा करत नाहीस, हे खरं आहे. एवढी माणसं हसता हसता एकदम थांबली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

डीकन पिकन्स टेबलाशी बसले होते. चर्च सुटल्यावर ते आणि सिस्टर लॉरेटा दर रविवारी आईला भेटायला येतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या हातातला पीचच्या गोड कॉब्लरचा चमचा तसाच राहिला. "पोरानं हद्द केली," ते म्हणाले. "सख्ख्या आईवर. आजारी आईवर." मला तुझी लाज वाटत होती आणि ती त्यांना दिसू नये असंही वाटत होतं.

नियम तूच मला सांगितला होतास. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर तुम्ही मुलं एकमेकांच्या आयांवरून शेरे मारायचात, मी वह्या छातीशी धरून बाजूनं निघून जायचे. तुझी आई एवढी जाड, तुझी आई एवढी कंजूष. उत्तर सुचलं नाही की हरला. रडला की हरला. आणि ज्याची आई आजारी असेल किंवा गेली असेल, तिचं नाव कुणी काढायचं नाही. ज्याच्या तोंडाला अजिबात लगाम नाही असा पोरगासुद्धा तिथं थांबायचा. तू घरी येऊन हे सगळं आईला सांगायचास आणि ती तुला मारायची सोडून विचारायची, "मग तू काय उत्तर दिलंस?" तू सांगितलंस की म्हणायची, "एवढंच? बस इथं." तुझं पहिलं शिक्षण त्या स्वयंपाकघरात झालं. मी तेव्हा शेजारच्या खोलीत कविता पाठ करत होते.

तुझा धंदा मला कधी आवडला नाही, हे मी लपवलेलं नाही. बाकीचे रॅपर बंदुकीच्या गोळीसारखे सुटायचे, गाड्या, साखळ्या, पोरी. तू चालायचास. ठेका पुढे निघून जायचा आणि तुझा शब्द मागून, पायातला बूट घालत घालत आल्यासारखा यायचा. लोकांना वाटायचं चुकला, आणि तो बरोबर बसायचा. तुझ्या गाण्यांत तुझं पोट होतं, तुझी सुटलेली बस होती, दुकानातली सवलतीची कूपनं होती, तुझ्यावर हसून दुसऱ्याबरोबर नाचायला गेलेली मुलगी होती. जेवायला नेहमी उशिरा येणारा म्हणून आईनं तुला लेट प्लेट म्हणायला सुरुवात केली आणि तू तेच नाव पोस्टरवर लावलंस. मी आईला म्हटलं होतं, लोक आपल्याला हसतच आले आहेत, आता यानं आपणहून हसवायला जायचं? ती म्हणाली, "तेव्हा फुकट हसत होते, आता तिकीट काढून हसतात." एवढ्यावर तिनं विषय संपवला.

मग टोपीचं गाणं आलं, आई रविवारी चर्चला घालायची त्या भल्यामोठ्या टोप्यांवर. चर्चमधल्या बायका चिडल्या. पास्टरनी प्रवचनात तुझं नाव न घेता तुझ्याविषयी बोलून घेतलं. आई पुढच्या रविवारी सगळ्यांत मोठी जांभळी टोपी घालून पहिल्या बाकावर जाऊन बसली. आणि त्या उन्हाळ्यात जत्रेच्या मैदानावर तू ते गाणं म्हणत असताना ती जिन्यानं मंचावर चढली, तुझ्या हातातला माईक कान पिरगळावा तसा काढून घेतला आणि उत्तर दिलं. तुला घाम फुटला होता. लोक वेडे झाले. त्यानंतर तुझा प्रत्येक कार्यक्रम तसाच संपायचा. तू टोपीवरून बोलायचास, मग ठेका एकटा वाजत राहायचा, आई बोलायची आणि तू हरायचास. ती प्रवासाला येऊ शकली नाही तर तिचं ध्वनिमुद्रण लागायचं. लोक तुझं हरणं बघायला यायचे. मला ते उशिरा कळलं.

वसंतात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि शब्द गेले. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, समजतं किती ते सांगता येत नाही. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला शिकवलं, सावकाश बोला, सोपं बोला, एका वेळी एकच गोष्ट. मी तसं बोलायला लागले. आई, पाणी. आई, ऊन. सगळी गल्ली तसं बोलायला लागली. ज्या न्हाव्यानं तिला आयुष्यभर टोमणे मारले आणि परत घेतले, तो दारात टोपी हातात धरून उभा राहिला आणि "मिसेस टॉलिव्हर, देव तुमचं भलं करो" म्हणून निघून गेला. तूही आलास, तिचा हात हातात घेतलास, हळू आवाजात "कशी आहेस, आई" म्हणालास आणि गाडीत जाऊन रडलास. कुणी तिची थट्टा केली नाही. नियम आम्ही सगळ्यांनी पाळला. ती खिडकीबाहेर बघत राहायची. त्या बाईंनी शेवटी येणं बंद केलं. सुधारणा नाही म्हणाल्या. मग मी वृद्धांच्या होममध्ये चौकशी केली, खोली मिळाली, उद्या सोमवारी तिला न्यायचं ठरलं. हे तुला फोनवर सांगितलं. तू एवढंच म्हणालास, "रविवारी चारला रेडिओ लाव." मला राग आला. आपण आईला घराबाहेर काढतोय आणि याला आपल्या कार्यक्रमाचं पडलंय. मी लावणार नव्हते. सिस्टर लॉरेटानं लावला.

ती आतल्या खोलीत मला सामान भरायला मदत करत होती. आईच्या टोप्यांचे डबे पलंगावर मांडलेले होते. त्यातली तीच जांभळी टोपी डोक्यावर घालून ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "व्होनेटा, बाई, ही तिकडे नेऊन काय करणार? कुणीतरी चोरेल. मी सांभाळते. बघ, मला शोभते." आई दोन पावलांवर बसलेली. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो, रिकाम्या खुर्चीवरून बोलावं तसं. मी म्हटलं, "घे. तिला आता काय कळतंय?" आणि त्याच वेळी रेडिओवर तू सुरू झालास.

माझ्या आईची टोपी एवढी रुंद,
मागच्या चार बाकांचा सूर्यप्रकाश बंद.
देव वरून ओरडला, टोपी काढा, बाई,
खाली माझी लेकरं आहेत, एक दिसत नाही.

मग तू ते वाक्य म्हणालास, आज मी जिंकणार म्हणून, आणि लोक गप्प झाले. मी हात पुढे केला. ठेका मात्र चालूच राहिला. तू ध्वनिमुद्रण लावलं नाहीस, काही बोलला नाहीस. नुसता ढोल आणि त्याखाली ते जुनं ऑर्गन, माणूस नसलेल्या घरात दिवा चालू राहावा तसं. मला वाटलं, इतका निर्दय तू कधीच नव्हतास. आणि माझ्या मागून आवाज आला.

जाडा, खरखरीत, जिभेला गाठ पडल्यासारखा आवाज. पण ठेक्यात.

टोपीखाली डोकं माझं, डोक्यामध्ये अक्कल,
तुझ्याकडे बघते तर वरती नुसतं टक्कल.

मी वळले. आईचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. चेहऱ्याची एक बाजू लोंबलेली, दुसरी हलत होती. मी स्वतःला सांगितलं, हे जुनं उत्तर आहे, शेकडो वेळा म्हटलेलं, प्रार्थनेसारखं आपोआप आलं असेल. अशी माणसं गाणी म्हणतात, त्यात अर्थ नसतो, हे मला त्या बाईंनी सांगितलं होतं. पण ती थांबली नाही. तिनं मान वळवली. तिला मान वळवायला किती वेळ लागतो तू पाहिलं आहेस. तिनं दाराकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. आता शब्द अडकत होते. एक ओळ निम्म्यात सुटली, ठेका पुढे गेला, ती त्याच्यामागून आली, तुझ्यासारखीच उशिरा. किंवा तू तिच्यासारखा.

टोपी माझी जांभळी, लॉरेटाला बसत नाही,
मेले नाही अजून मी, इथंच आहे, बाई.

सिस्टर लॉरेटा टोपी घालूनच उभी होती. तिच्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं. डीकन पिकन्स हसायला लागले आणि मग त्यांना हुंदका आला, दोन्ही एकदम. कढईतली भेंडी जळत होती. त्याचा वास मला नंतर आला.

रोडेल, मी शाळेत कविता शिकवते. तिनं तुझंच यमक उचललं होतं. तू देवाच्या तोंडी घातलेला "बाई" तिनं घेतला, फिरवला आणि लॉरेटाच्या तोंडावर मारला. हे आपोआप येत नाही. ती तिथं होती. सगळा वेळ तिथंच होती. वसंतापासून आम्ही तिच्यासमोर जे जे बोललो ते सगळं तिनं ऐकलं. खोलीचं ऐकलं, सोमवारचं ऐकलं, "तिला काय कळतंय" हे तिच्या मुलीच्या तोंडून ऐकलं. मी तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, आई, काय म्हणालीस? सावकाश. सोपं. एका वेळी एकच गोष्ट. तिनं वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मी रडले, विनवलं, तिचे हात चुंबले. एक शब्द आला नाही. रेडिओवर लोक टाळ्या वाजवत होते. कशासाठी वाजवत होते कोण जाणे. त्यांना तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

तुला हे माहीत होतं का, की नुसती आशा होती, की तुला फक्त तिची आठवण येत होती आणि तिला बोलवायची दुसरी रीत तुला येत नाही, हे मी विचारणार नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि मी काय सांगणार होते ते राहून जातं. सभागृहातल्या त्या लोकांना तू निर्दय वाटला असशील. मलाही वाटलास. आता वाटतं, गेले काही महिने या घरात निर्दय आम्हीच होतो, मऊ आवाजात. म्हणून लिहिते आहे. पुढचे कार्यक्रम पुढे ढकल आणि घरी ये. येताना फुलं आणू नकोस. तिचा हात हातात घेऊ नकोस, कशी आहेस विचारू नकोस. दारातूनच तिच्या टोपीवरून, तिच्या स्वयंपाकावरून, तिच्या लोंबणाऱ्या गालावरूनसुद्धा बोल. मग गप्प राहा आणि ठेका चालू ठेव. ती कितीही वेळ घेवो, मध्ये कुणी बोलायचं नाही, हे मी बघेन. सिस्टर लॉरेटा म्हणते, मलाही बोलव, माझ्यावर आणखी एक ओळ झाली तरी चालेल.

तुझीच,
व्होनेटा

ता. क. सोमवार, सकाळ. होमला फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. मग आईचे केस विंचरताना, आयुष्यात पहिल्यांदा, मी तिच्या नाकावरून दोन ओळी केल्या आणि कंगव्यानं खुर्चीवर ताल धरून तिला म्हणून दाखवल्या. यमक जुळलं नाही, तालही सुटला. तरी मी थांबले आणि कंगवा आपटत राहिले. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भिकार."