सासूबाईंचा तांब्या

मंगळवार, दवाखान्यातून आल्यावर

फोनवरचा व्हिडिओ बघून सासूबाई रोज तांब्यावर तांबे पाणी ढोसत होत्या. रक्तातलं सोडियम उतरलं, काल फिट येऊन बेशुद्ध पडल्या. आज शुद्धीवर आल्या. डॉक्टर म्हणाले, घोटघोटच पाणी द्या.

"घसा वाळलाय गं. दे की."

घरचा तोच तांब्या माझ्या हातात. माझ्या बाळंतपणात मी पाणी मागितलं, की हाच तांब्या उचलून आत न्यायच्या. "बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतंय."

मी म्हटलं, "पोट सुटंल, आई."

आठवलं त्यांना. डोळ्यांत दिसलं. एक घोट द्यायला हवा होता का? होता. मी तांब्या तोंडाला लावून प्याले. माझं उष्टं त्या मेल्या तरी पिणार नाहीत.