चुलीचे तीन दगड

पौड, ता. मुळशी
दि. १५ नोव्हेंबर २०२५

ती. मुनीराआपास, शब्बीरचा सलाम वि. वि.

काल फजरच्या नमाजनंतर मी नवा आंबेमोहोर सुपात घेऊन निवडला. पहिली पायली अम्मीच्या चुलीशेजारी ठेवली आणि स्टँडवर तुझी वाट पाहत बसलो. शहराकडून बस येत गेल्या, तू कशातूनच उतरली नाहीस. जुम्याची वेळ झाली तेव्हा उठलो.

तुझ्या लेकाला, शहाबाजला फोन केला. माझी अम्मी घरी सुखरूप आहे, बाकी तीच लिहील, एवढंच तो म्हणाला. फोनवर माझं बोलणं तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. काय झालं? नव्या तांदळाचं पहिलं आधण घरच्या लेकीनं ठेवायचं, ही आपल्या अम्मीनं घालून दिलेली रीत. तोवर आम्ही जुनाच तांदूळ खातो. तुझी भावजय जन्नत म्हणते, की नणंदबाई आल्या नाहीत तर तुम्हाला नुसत्या वासावर जगवीन.

लोभ आहेच, तो इथं येऊन वाढवावा.

तुझा,
शब्बीर

पेठेतून, दि. २१ नोव्हेंबर

चि. शब्बीरास अनेक दुआ.

मी निघाले होते रे. भुयारी मेट्रोचा सरकता जिना बंद, लिफ्टवर दुरुस्तीची पाटी. बंद जिन्याच्या पायऱ्या किती उंच असतात ते उतरताना कळलं. गुडघ्यानं मधेच दगा दिला, तरी गाडीत बसले. पुढच्या स्टेशनात गाडी थांबली आणि सगळे उतरले. भोंग्यावर काही सांगितलं असणार. मी आपली पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. एका मुलीनं दंडाला धरून उतरवलं तेव्हा समजलं, गाडी बिघडलीय.

लोक चिडले होते. भाडं वाढवता तशी गाडीही चालवा, असं म्हणत होते. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तिकिटाच्या खिडकीतली पोरगी मला म्हणाली, की तक्रार मोबाईलवर करा. कुठंच न पोचता भाडं भरून आले बघ. आपला पांड्या बैल अडायचा, पण निदान मान वळवून बघायचा तरी.

गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी हिवाळाभर प्रवास नको म्हटलंय. तेव्हा थांबू नकोस, जन्नतला आधण ठेवू दे. नव्या तांदळाचा वास उडून जाईल. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, पण अम्मीच्या चुलीवरचा भात रटरटायचा तो अजून ऐकू येतो.

पोस्टमन कडी वाजवून दमतो आणि पत्र दाराखालून सरकवतो. माझी नजर दिवसभर उंबऱ्याकडे असते. लिहीत राहा.

तुझी,
मुनीराआपा

दि. ३० नोव्हेंबर (ठिकाण शेवटी सांगतो)

ती. मुनीराआपास सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जन्नतनं आधण ठेवू का विचारलं, मी नको म्हटलं. मशिदीत बसलो असताना मनात आलं, की आपण आपाला चुलीपाशी बोलावतोय, पण चूल म्हणजे शेवटी तीन दगडच ना. मांडलेली चूल हलवू नये, असं जन्नत म्हणाली, शेजारच्या लीलाबाईही म्हणाल्या. मलाही भीती वाटली. पण ज्याचं नाव घेऊन आपण घास उचलतो, तो काही आपल्याच कोपऱ्यात बसलेला नाही.

आज सकाळी बिस्मिल्ला म्हणून दगड उपटले. राखेत तीन खळगे राहिले.

ते पोत्यात भरून मेट्रोच्या आपल्याकडच्या टोकाला गेलो, तर तपासणीत पोतं अडवलं. रखवालदारानं यात काय आहे, असं विचारलं. मी म्हणालो, चूल. त्यानं साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, की गॅसची शेगडी असती तर लगेच नाही म्हणता आलं असतं, दगडांचं वर विचारावं लागेल. यंत्र एकच चालू, मागं रांग वाढली. एक जण म्हणाला, की काका, दगड काय हितं रस्त्यावर बी मिळतात. मी सांगितलं, की असे काळे झालेले न्हाई मिळत. शेवटी वरून नकार आला, आणि मी रिक्षा केली.

रिक्षा तुमच्या भुयारावरच्या रस्त्यानं आली. याच रस्त्याखाली कुठंतरी तू पिशवी घेऊन एकटी बसली होतीस.

आता ठिकाण. मी तुझ्या दारापुढच्या ओट्यावर बसून लिहितोय. शहाबाज कामावर असणार. कडी दोनदा वाजवून पाहिली. मग बोळातून मागच्या अंगणात जाऊन दगड मांडले, जन्नतनं दिलेलं सरपण लावलं, पायली शेजारी ठेवली. चूल पेटवली आहे. आधण तेवढं तुझ्या हातचं राहिलंय.

हे पत्र दाराखालून सरकवतोय. लोभ आहेच, दार उघडावं, ही विनंती.

तुझा,
शब्बीर