खताचे आवार, टेम्पो आणि मागच्या खोलीतले भाऊजी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा बागकाम आणि बागेतल्या कचऱ्याचे खत करणे, हे सर्व शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मध्ये मध्ये खोकला येतो म्हणून अक्षर हलले आहे, त्यावरून कोणी माझ्या मनाचा अंदाज बांधू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारी माणसे एकतर वारली किंवा थकली.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. घराच्या मागच्या खोलीत माझे थोरले दीर राहतात. त्यांच्याविषयी पुढे वेगळे कलम आहे. ते वाचल्याशिवाय घराला गिऱ्हाईक बघू नये.

२. बँकेतली ठेव आणि दोन बांगड्या लेकीलाच. बांगड्या दाताळ्याच्या दांड्यावर आपटून चेपल्या आहेत. सराफाकडून सरळ करून घेऊ नयेत, एवढी माझी इच्छा. ऐकले नाही तरी मला कळायचे नाही.

३. खताचे आवार, टेम्पो, फांद्यांचा भुगा करायचे यंत्र, चाळण्या, फावडी, कोयते, हे सगळे आमच्या टेम्पोचालकाला द्यावे. लेकीला यातले काही नको आहे, तसे तिने स्वतः सांगितले आहे. तिचा राग मानू नये. तिच्या बापाला या धंद्याने खाल्ले, आता मला खातो आहे. वर्षानुवर्षे बुरशीची धूळ छातीत गेली. डॉक्टरीणबाई तोंडाला फडके बांधा म्हणत होत्या, तेव्हा मी हसत होते. चालकाने हसू नये.

त्याला माझ्या अटी अशा. बागेतून उचललेली छाटणी, पालापाचोळा आणि गवत खत होऊन पुन्हा त्याच बागांना जावे. हा धंदा आम्ही त्यासाठीच काढला होता. औषध मारलेले गवत आणि रंग दिलेले लाकूड घेऊ नये, गिऱ्हाईक कितीही जुने असो. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले निवृत्त न्यायाधीश पाल्याच्या पोत्यात फुटक्या बाटल्या घालतात. माझा तळहात त्यांनीच फाडला. विचारले तर म्हणाले, "पुरावा आहे का बाई?" त्यांना माझ्यातर्फे एक पोते खत फुकट द्यावे आणि त्यांच्या काचा वेगळ्या पुडीत बांधून वर ठेवाव्यात.

शेवटची अट, जिच्यात बदल करता येणार नाही: कोणताही ढीग कमरेच्या वर जाऊ देऊ नये.

४. या अटीचे कारण इथे लिहिते, कारण जिथे लिहायला हवे होते तिथे ते कोणी लिहून घेतले नाही.

तेव्हा धंदा माझे यजमान आणि भाऊजी दोघे मिळून करत. व्यवहार भाऊजींच्या हातात, दाताळे ह्यांच्या हातात. एका वर्षी वादळाने अर्ध्या शहरातली झाडे पाडली आणि ती सगळी उचलायचे काम भाऊजींनी घेतले. यंत्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत थांबत नव्हते. ओल्या भुग्याचा ढीग शेडच्या छपराएवढा उंच झाला. ह्यांनी त्यात लोखंडी सळई खुपसली, बाहेर काढली आणि धरवेना म्हणून टाकून दिली.

"दादा, आतून तापलाय. पसरायला पाहिजे."

"पसरू कुठे? डोक्यावर? बाहेर ट्रक खोळंबलेत," भाऊजी म्हणाले. "आठवडाभर दम धर."

ओला भुगा फार उंच रचला की आतल्या आत तापतो आणि कोणी काडी न लावता पेटतो. आठवडा भरायच्या आतच दुपारी माथ्यातून धूर यायला लागला. बंब येईपर्यंत ढीग फोडून ठेवावा म्हणून हे दाताळे घेऊन वर चढले. वरचा थर जसाच्या तसा होता, पण आतून जळून पोकळी झाली होती. त्यांच्या पायाखालचा भुगा खचला आणि हे छातीपर्यंत आत गेले. मी फाटकापाशी होते. टेम्पोचालक फळी टाकून तिच्यावर पालथा पडला आणि त्याने दोन्ही हातांनी ह्यांना ओढून काढले. त्याचे हात कोपरापर्यंत भाजले, ते व्रण आजही कोणीही पाहावेत. हे दवाखान्यात काही दिवस जगले. शुद्धीवर होते. नसते तर बरे झाले असते.

चौकशीला आलेल्या साहेबांना भाऊजींनी सांगितले की चालक ढिगाशेजारी सिगारेट ओढत होता. मी सांगितले की तो माझ्यासमोर फाटकाबाहेर ताडपत्री बांधत होता आणि ढीग कोणी एवढा रचायला लावला तेही सांगितले. भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले, "भावजयीच्या मनावर परिणाम झालाय." साहेबांनी मान हलवली आणि मला पाणी द्यायला लावले. चालक कित्येक महिने आत होता. पुराव्याअभावी सुटला, पण आग लावणारा म्हणून त्याला कोणी दारात उभे करेना. मी वाटणी मागून आवार वेगळे घेतले आणि त्याला टेम्पोची किल्ली दिली.

५. थोरले दीर. त्यांच्या वाटणीचा धंदा बुडाल्यावर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवे अंग आणि वाचा गेली. लग्न केलेले नव्हते, ठेवून घ्यायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी आणले. भरवणे आणि कूस बदलणे माझ्याकडे. अंघोळीसाठी त्यांना उचलायला दर रविवारी चालक येतो. मी एकदा विचारले, "तू कशाला?" तो म्हणाला, "ताई, तुमच्याच्यानं उचलवत नाहीत ना." 

लेकीचा काकांवर जीव आहे. फोनवर म्हणते, "आई, आता तरी सोड ना गं. त्यांना बोलतासुद्धा येत नाही."

"बोलता येत होतं तेव्हा काय बोलले?"

"तुला त्यांना माफ करायचंच नाहीये."

"नाहीये. पण वेळेवर जेवायला घालते."

तर भाऊजींनी मरेपर्यंत मागच्या खोलीत राहावे, त्यांना दोन वेळचे गरम अन्न आणि स्वच्छ अंथरूण मिळावे. त्याचा खर्च ठेवीच्या व्याजातून व्हावा. माफी ही माझ्या मालकीची आहे आणि ती मी कोणाच्याही नावे करत नाही.

६. माझ्या अस्थींचे खत करावे असे कोणाला तरी सुचेलच. करू नये. राख जास्त झाली की ढीग बिघडतो.

७. हे कलम आज जे घडले त्यावरून वाढवले आहे. या मृत्युपत्रासाठी आलेल्या वकीलबाईंनी एका वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहून आणल्या होत्या: आग ढीग फार उंच रचल्यामुळे लागली, टेम्पोचालकाचा दोष नव्हता. त्याखाली भाऊजींचा डावा अंगठा घ्यायचा होता. त्यांना सगळे समजते. रेडिओवर नको ते लागले तर पलंगावर हात आपटतात. वकीलबाईंनी मजकूर दोनदा वाचला.

"भाऊजी, समजलं ना?" मी विचारले. त्यांनी मान हलवली.

"खरंय ना हे?"

ते दारात उभ्या असलेल्या चालकाकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आले. आजारापासून ते तसेही येते, म्हणून मी ते धरत नाही. वकीलबाईंनी शाईची डबी पुढे केली. भाऊजींनी डाव्या हाताची मूठ आवळली आणि पांघरुणात ओढून घेतली.

वकीलबाई मला म्हणाल्या, "पाचवं कलम बदलायचं का? अजून सही व्हायचीय."

माझ्या आधी चालक बोलला. "राहू द्या ताई. नखं वाढलीत त्यांची, मुठीत रुततील." त्याने कोनाड्यातला नेलकटर घेतला, पलंगाच्या कडेला बसला आणि पांघरूण बाजूला केले. भाऊजींनी त्याच्या हातात मूठ सोडली. तो एकेक बोट धरून नखे कापत होता. अंगठ्यापर्यंत आला तेव्हा शाईची डबी कोणीही पुढे केली नाही.

पाचवे कलम आहे तसे ठेवते.

सही: (लिहून ठेवणारी)

आम्ही दोघे त्या वेळी खोलीत हजर होतो. वरची सही बाईंनी आमच्यासमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: समोरचे कुलूपवाले

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: सात डिसेंबर, रविवार