पांढऱ्या मातीची दरड

सालझिरी, ता. अचलपूर
९ डिसेंबर २०१२

प्रिय बिल्कीस,

तुले पार्बताचा राम राम, तुह्या घरधन्याले, बद्रुद्दीनभाईले सलाम. आमी समदे बरे हावोत, तुमीही अकोल्यात बरे असान. तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही अन् आता लिहून राहिली, म्हणून पत्र फाडू नको. आधी वाच. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण, येवढं तर माहं ऐकशील.

औंदा कापसानं मन मोडलं, पण नाल्यानं राखलं. डिसेंबर लागला तरी पाणी वाहून राहिलं. गावाले जंगल सांभाळायचा हक्क भेटला तवापासून अमरावतीहून रागिणीताई येते अन् आमची शाळा भरवते. पाणी आधी टेकडीवर थांबवायचं, मग खाली यायचं, असं तिचं शिकवणं. पहिल्या पावसाळ्यात आमी शहाण्यांनी नाल्यातले गोल गोटे रचून बांध घातला. तो समदा वाहून शेजारच्या वामनरावच्या वावरात गेला. तो म्हणे, "दगड पायजेच होते मले, घरपोच भेटले." आता खडबडीत दगड एकमेकांत अडकवून बसवतो.

उन्हाळ्यात ताईनं शाळेच्या अंगणात रांगोळीनं नाला काढायले लावला. काठ खचला तिथं गुलाल टाका म्हणे. झऱ्यापाशी मूठभर गुलाल पडला.

"हे कोणामुळं झालं?" ताईनं विचारलं.

समदे एका तोंडानं बोलले, "बद्रुद्दीनच्या शेळ्यांमुळं."

"चला, पाहू."

गेलो. ताईनं काठाखालची पोकळी दाखवली अन् विचारलं, "शेळी वरून तुडवते. खालून कोण पोखरते?"

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. ईद-दिवाळीले भिंती पोतारायची पांढरी माती आपण तिथूनच आणतो ना वं.

आता खरं ते लिहितो. हे पान मी दोनदा फाडलं हाये.

तीन वर्षांमागं तुले ताप होता, म्हणून मी एकटीच मातीले गेली. तुह्याही घरचं टोपलं भरीन म्हटलं. सब्बल मारली अन् आख्खी दरड खाली बसली. झरा बुजला. मी टोपलं घेऊन घरी पळाली. पाणी आटलं तसं लोकांनी शेळ्यांचं नाव घेतलं अन् मी गप्प राहिली. ग्रामसभेत चराईबंदीले पयला हात माहा वर गेला. शेळ्या कोंडवाड्यात गेल्या, मग बाजारात, अन् तुमी गाव सोडलं. तुमचं सामान टेम्पोत चढत होतं तवा मी दाराआडून पाहत होती. लाज वाटते, बिल्कीस. लय लाज वाटते.

त्या दिवशी काठावर उभं राहून मी हे समद्यांपुढं सांगितलं. वामनराव म्हणे, "गाव त्या माणसाले शिव्या देत होतं अन् तू ऐकत होती?"

"हो," मी म्हटलं, "ऐकत होती."

दुसऱ्या दिवशी आमी बायकांनी दरडीची माती उपसली. चौथ्या दिवशी झरा फुटला. गावापुढं तवाच बोलली, तुह्यापुढं बोलायले हिवाळा उजाडला पाह.

आता कामाचं ऐक. मागच्या आठवड्यात ग्रामसभेनं बंदी उठवली. जंगलाचे भाग पाडून पाळीपाळीनं चराई ठेवायची हाये. गवत नुसतं वाळत राहिलं तर वणवा लागते, हेही आमाले आताच समजलं. २ जानेवारीले आराखडा पक्का होते. त्यात बद्रुद्दीनभाईचं नाव लिहायचं तर ते स्वतः हजर पायजेत. कोणता भाग कधी चारावा हे त्यांच्याएवढं कोणाले समजते?

त्यांनी मले माफ केलं नाही तरी चालते. त्यांचा हक्क माह्या माफीवर अडू नये. मले माफ करायचं का नाही, ते तुमी गावात राहून, रोज माहं तोंड पाहून ठरवा. चार बायांत मले बोलली तरी मी मान खाली घालून ऐकीन, पण ये.

तुही गुन्हेगार, अन् तू म्हणशील तर अजूनही तुहीच,
पार्बता