छत्तीस जणी आणि लिलीचा सुवास

आरेकिपा,
ता. ३ मार्च १७६३

चि. बेनिता हिस,
मठातून तेओदोराचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या ऑलिव्हच्या सहा बरण्या पोचल्या. खरे तर पाच बरण्या पोचल्या आणि सहावीची खापरे. खेचरवाला मातियास म्हणतो, की उतारावर खेचर बुजले. सामान आतबाहेर करायच्या मठाच्या फिरत्या खिडकीआडून मी त्याला विचारले, की दरवर्षी ते एकाच बरणीपुरते कसे बुजते. त्यावर तो निर्लज्ज म्हणाला, की माते, बिचाऱ्या जनावरालाही ऑलिव्ह आवडतात. बरण्या चांगल्या आहेत. मीठ किंचित अधिक आहे.

गेल्या रविवारी आमची भगिनी रोसालिया देवाघरी गेली. तिचे निधनपत्र मी दोन दिवसांत पुरे केले आणि त्याच्या प्रती आमच्या संप्रदायाच्या सातही मठांकडे रवाना झाल्या. तेथील भगिनी भोजनाच्या वेळी ते मोठ्याने वाचतील आणि तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतील. चार भिंतींआड गेलेल्या बाईच्या अख्ख्या आयुष्याला बाहेरच्या जगात मिळते ते हे एवढे एक पान. म्हणून ते निर्दोष असावे, असा या मठाची इतिवृत्तकार या नात्याने माझा सव्वीस वर्षांचा हट्ट आहे. रोसालियाचे हे माझ्या हातचे छत्तिसावे.

आता काळजीची गोष्ट. मठमातेने मला मदतनीस दिली आहे. नाव युलालिया, वय बावीस, ताक्ना गावच्या एका खेचरांच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या ओळी उतारावरून घरंगळल्यासारख्या असतात. ती लिहिण्याआधी विचार करीत नाही आणि लिहिल्यावर पश्चात्तापही करीत नाही. मठमाता म्हणाल्या, की तेओदोरा, तू अडुसष्ट वर्षांची झालीस, तुझ्यामागे दौत कुणीतरी सांभाळायला हवी. मी मान डोलावली आणि खोलीत परतल्यावर त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. माझ्यामागे लिहिले जाणारे पहिले पान माझेच असेल, आणि ते लिहिणार ही!

तेव्हा मी ठरविले आहे, की माझे निधनपत्र मीच लिहून पेटीत ठेवावे. तारखेची जागा तेवढी कोरी राहील. नियमावली तीनदा चाळली. याला कोठेही मनाई नाही. मी मठात येण्यापूर्वीच्या चौदा वर्षांचे तुला जे आठवते, ते सुसंगत आणि थोडक्यात लिहून पाठव.

तुझ्यावरील ममता अक्षरांतून जेवढी दिसते त्याहून अधिक आहे, एवढे जाण.
तुझी ताई,
तेओदोरा

---

मोकेग्वा,
२४ मार्च १७६३

ती. तेओताईस,
धाकट्या बेनिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गुडघाभर द्राक्षांत उभी होते. तोडणी चालू आहे, सून माझ्यावर ओरडते आहे, की सासूबाई, या वयात कुंडात उतरून द्राक्षं तुडवायची कसली हौस, घसरलात तर आम्ही तुम्हाला काढायचं की दारू गाळायची? मी म्हटलं, की दोन्ही होईल, चव आणखी चांगली लागेल. पाय धुऊन लिहायला बसले आहे. कागदावर जांभळे डाग दिसले तर ते रक्त नाही.

ताई, जिवंतपणी आपलं निधनपत्र लिहिणारी तूच! मेल्यावर स्वर्गाच्या दाराशी दारवानाची वहीसुद्धा तपासशील. मीठ जास्त पडलं म्हणतेस, म्हणजे बरणी संपली असणार, हे मी ओळखून आहे.

बरं, मागितलंस म्हणून लिहिते. नवव्या वर्षी तू भर प्रवचनात उभी राहून पाद्रीबाबांची लॅटिन सुधारलीस आणि आईनं तुला कानाला धरून घरी आणलं. अंजिराच्या झाडावर तू जपमाळ घेऊन बसायचीस असं आई पाहुण्यांना सांगायची, पण जपमाळेखाली बाबांचं कायद्याचं पुस्तक असायचं, हे फक्त मला ठाऊक, कारण खाली पहारा मी द्यायची. मग ते आन्सेल्मोसाहेब स्थळ म्हणून आले. त्यांनी चॉकलेट पितापिता सांगितलं, की बायकोला प्रार्थनेच्या पुस्तकापुरतं वाचता आलं की पुरे. तू उठलीस, त्यांच्या हातातला अर्धा पेला काढून घेतलास आणि बाबांना म्हणालीस, की मला मठात घाला, तिथे निदान मेज तरी माझं स्वतःचं असेल. ते बिचारे तोंडाला साय लागलेल्या अवस्थेत घरी गेले.

आणि एक. मला देवी आल्या तेव्हा सगळ्यांना मामाकडे हलवलं. तू गेली नाहीस. अकरा दिवस माझ्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसून मोठ्यानं वाचत होतीस. तेच कायद्याचं पुस्तक. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तुझा आवाज थांबला की मी रडायची. हे मात्र त्या पानात घालच.

मठमातांनाही माझा नमस्कार. तुझी माया आटू देऊ नकोस, इथे माझ्यावर रागावणारं दुसरं कुणी चांगलं नाही.
तुझी,
बेनिता

---

आरेकिपा,
ता. २० एप्रिल १७६३

चि. बेनितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात सात तपशील होते. पैकी चार अशोभनीय, दोन असंबद्ध, आणि बंद दाराबाहेरचा जो प्रसंग तू लिहितेस तो मला आठवत नाही. सबब तो मी घेतला नाही. मी आपल्या परीने मजकूर सिद्ध केला. तीन आठवडे घासून पुसून, एकही शब्द हलवता येणार नाही असा. 'बाल्यापासूनच ऐहिक गोष्टींविषयी विरक्त आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत रममाण' येथून आरंभ. तू हसत असशील. पुढे वाच.

नक्कल करण्यासाठी मी तो युलालियाला दिला. तिने तो वाचला, लेखणी खाली ठेवली आणि विचारले, की माता, फार सुंदर आहे, पण हे कुणाचं? मी म्हटले, की माझे. ती म्हणाली, की असं होय, मला वाटलं जुन्यातलं एखादं राहून गेलं. शिवाय विचारले, की तुमच्या बहिणीनं लिहिलेलं ते दाराबाहेर बसणं कुठं गेलं? (तुझे पत्र मेजावर उघडे होते. पत्र झाकून ठेवण्याबाबत मी तिला बोलले.) मी तिला बजावले, की वाङ्मयाची जाण ज्यांना नाही त्यांना सगळीच सुंदर वाक्ये सारखी दिसतात. ती म्हणाली, की खरं आहे माता, मला खेचरंच जास्त कळतात, पण आमच्याकडे दोनशे खेचरं होती आणि बाबा प्रत्येकाला चालीवरून ओळखायचे.

बेनिता, तिला खोटे पाडावे म्हणून मी पेटी उघडली. छत्तीसही निधनपत्रे मेजावर मांडली आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर भोजनाच्या घंटेपर्यंत वाचीत बसले. छत्तिसाही जणी बाल्यापासून विरक्त. छत्तिसाही जणी आज्ञेत रममाण. छत्तिसाही जणींच्या मुखावर अंती स्मित, आणि छत्तिसाही जणींच्या खोलीत प्राण जाताना लिलीच्या फुलांचा सुवास दरवळला. आमच्या मठात लिलीचे एकही रोप नाही. लिंबाची दोन झाडे आहेत आणि कांद्याचा एक वाफा.

तो सुवास पहिल्या पत्रात मी का घातला, ते मला आठवते. वाक्य शेवटी पडत होते; त्याला आधार हवा होता. आधार चांगला बसला, म्हणून तो पुढे ठेवला. नावे झाकून मी पत्रे मिसळली आणि कोणते कोणाचे हे ओळखण्याचा प्रयत्न केला. माझे स्वतःचे पानही त्यांत मिसळले होते. ते मला चौथ्या प्रयत्नात सापडले.

मी मठमातेकडे गेले. त्या म्हणाल्या, की पत्रे गेली, प्रार्थना झाल्या, देवाला या सगळ्या जणी वेगवेगळ्या ठाऊक आहेत. देवाला ठाऊक असेल. पण कागदावर ठेवण्याचे काम माझे होते. मला त्यांचे बारीकसारीक आता आठवत नाही, बेनिता. सव्वीस वर्षे मी वाक्ये लक्षात ठेवली आणि बायका विसरले.

माझ्या या पत्राची भाषा तपासलेली नाही. सांभाळून घे आणि दोन ओळी लवकर पाठव.
तेओदोरा

---

मोकेग्वा,
८ मे १७६३

ती. ताईस सा. न. वि. वि.

मातियास उद्याच निघतो आहे, म्हणून घाईत लिहिते.

ताई, तू विसरली असशील, मी नाही. आणि मीही विसरले असते तरी चाललं असतं, कारण तू मला हे सगळं लिहिलं आहेस! सव्वीस वर्षं महिन्याकाठी एक पत्र. ती सगळी माझ्याकडे तेलघाण्याच्या खोलीतल्या पेटाऱ्यात आहेत. काल पेटारा उघडला आणि हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. सून धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

रोसालिया पलंगाखाली गिनीपिग पाळायची आणि तपासणीच्या दिवशी ते बाहीत लपवून प्रार्थनेला आली, ते मध्येच चिरकलं तेव्हा तिनं उचकीचं सोंग केलं, हे कुणी लिहिलं? तू. माता मार्सेलिना इतकी बेसूर गायची, की ऑर्गन वाजवणारी मोठ्या सणाला तिच्या तोंडात गुळाची वडी कोंबायची, आणि मार्सेलिनाला सगळं कळत असूनही ती वडीसाठी तोंड उघडायची. हेही तूच. देवीच्या साथीत तिनंच चाळीस दिवस मुदपाकखाना एकटीनं चालवला, तेही त्याच पत्रात खालच्या कोपऱ्यात आहे. जागा उरली नव्हती, म्हणून उभं लिहिलं आहेस. या पत्रांत एकदाही लिली फुललेली नाही. सगळ्यांना तू शिव्या घातल्या आहेस आणि सगळ्या जणी जिवंत आहेत.

तेव्हा पेटाराच पाठवते आहे. पण दोन अटी. एक, पत्रं माझी आहेत, एकूण एक परत हवीत, आणि त्यांत दुरुस्त्या करायच्या नाहीत. तुझी खोड मला माहीत आहे. दोन, एक्कावन्न सालच्या पत्रात तू आत्ताच्या मठमातेला, तेव्हा त्या नवशिक्यांवर देखरेख करायच्या, 'पिसं फुलवलेली टर्की' म्हटलं आहेस. ते पत्र काढून घ्यावं असं मनात आलं, पण ते फार चांगलं लिहिलं आहेस, हात धजला नाही. तुझं तू बघ.

मातियासला सांगितलं आहे, की या पेटाऱ्यापाशी खेचर बुजलं तर पुढच्या वर्षी खेचराच्या जागी तुला जुंपीन.

तुझा धाक आणि तुझा जीव, दोन्ही माझ्यावर असू देत.
बेनिता

---

आरेकिपा,
ता. २ ऑगस्ट १७६३

चि. बेनिता हिस तेओदोराचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेटारा सुखरूप पोचला. ती पत्रे वाचणे हा माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रायश्चित्ताचा प्रसंग ठरला. काय ती घाई, काय ती वाक्ये! एकेका वाक्यात तीन कर्ते आणि क्रियापद बेपत्ता. युलालिया वाचीत होती आणि मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच ती म्हणाली, की माता, हे लिहिणाऱ्या बाई कोण, यांच्या हाताखाली शिकायला मिळालं असतं तर! मी तिला सांगितले, की त्या बाई वारल्या. ती म्हणाली, की नाही, नुसत्या रागावून बसल्या आहेत. मुलगी उद्धट आहे. तिच्या ओळी अजून घरंगळतात, पण त्या कोणीकडे चालल्या आहेत हे तिला ठाऊक असते, एवढे मान्य करणे भाग आहे.

टर्कीचे पत्र लपविणे शक्य होते. मी ते मठमातेसमोर सर्वांत वर ठेवले. मृतांविषयी खरे लिहिण्याची परवानगी मागायची आणि जिवंतांविषयीचे खरे दडवायचे, हे मला जमले नाही. त्यांनी ते दोनदा वाचले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटले, की लेखणी गेली. मग त्या म्हणाल्या, की पिसं फुलवलेली, हे बरोबर आहे, तेव्हा मी तशीच होते. आणि माझ्या पानात हे आलं नाही, तर मी वर गेल्यावर तुझी तक्रार करीन.

परवानगी मिळाली ती अशी: सात मठांकडे गेलेली पत्रे गेली. आपल्या मठासाठी मात्र एक वही करावी, आणि प्रत्येकीच्या स्मृतिदिनी तिचे पान भोजनगृहात वाचावे. परवा मार्सेलिनाचे वाचले. गुळाच्या वडीपाशी भगिनी हसू लागल्या. नियमांवर नेहमी बोट ठेवणाऱ्या एक माता पुटपुटल्या, की ताटावर हसणे नियमाबाहेर आहे. आणि मग त्यांच्याच तोंडातले सूप बाहेर आले. मठमातेला घंटा वाजवावी लागली. मुदपाकखान्याच्या चाळीस दिवसांपाशी भगिनींनी चमचे खाली ठेवले. आमची सर्वांत तरुण भगिनी, जी मार्सेलिनाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी येथे आली, तिने जेवण झाल्यावर मला विचारले, की माता मार्सेलिना बसायच्या ती जागा कोणती? आजवर माझ्या लेखनाबद्दल पुष्कळ स्तुती ऐकली आहे. असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

अकरा पाने झाली, पंचवीस उरली. पत्रे परत करण्यास उशीर होईल. दुरुस्ती एकही केली नाही. एका ठिकाणी स्वल्पविराम दिला होता, तो खरवडून काढला.

आता माझ्या पानाविषयी. तीन आठवडे घासलेला तो मजकूर मी मुदपाकखान्यात दिला. त्यावर मक्याचे वडे निथळवले गेले. आणि युलालियाला म्हटले, की माझे निधनपत्र तू लिही, आताच लिही, आणि मला दाखवू नकोस. ती म्हणाली, की माता, तुम्हाला राहवेल का? मी म्हटले, की तो माझा प्रश्न आहे. तिने चार दिवसांत लिहिले, मेणाने बंद केले आणि पेटीत ठेवले. मध्यंतरी तिने तुला एक पत्र पाठविले आणि तुझे एक जाडजूड उत्तर आले, हे मला फिरत्या खिडकीवरील भगिनीकडून कळले. तू तिला काय काय लिहिलेस, हे मी विचारीत नाही. विचारावेसे वाटते.

एकदा मी तो लखोटा उजेडापुढे धरून पाहिला, हे तुझ्यापासून लपवीत नाही. कागद जाड आहे. एक शब्द तेवढा दिसला, आणि त्याची जागा चुकलेली होती; तो वाक्याच्या आरंभी हवा होता. त्यानंतर मी पेटीची किल्ली युलालियाला देऊन टाकली. त्या पानात आणखी चुका असतील, पुष्कळ असतील, आणि त्या कोणालाही दुरुस्त करता येणार नाहीत. पण नाव झाकून ते पान कितीही पानांत मिसळले, तरी तू ते पहिल्याच फटक्यात ओळखशील.

बाकी सर्व क्षेम. अंतराने आणि वयाने तुझी माया कमी झाली नाही. तशीच पुढेही चालू ठेव.
तुझी ताई,
तेओदोरा