जनूभावजींच्या मुंढ्याचं माप

बुवापाडा, अंबरनाथ
शुक्रवार, ११ मार्च १९९४

जनूभावजींना वहिनीचा जयभीम.

परवा बुधवारी सकाळी पाणी भरलं, भाकऱ्या टाकल्या, बनूबाईंच्या ब्लाऊजला हुकं लावली आणि मग विहिरीत उतरले. (आधी तब्येत विचारायची राहिली. रत्नागिरीची हवा मानवते का? खरं लिहा. खोकल्याने जीव जात असला तरी तुम्ही 'मजेत' लिहिता.)

विहिरीचं असं झालं. धरणाच्या दरवाजामागच्या अरुंद बोगद्यात शिरायचं, म्हणून हवेचे सिलिंडर पाठीवर न घेता दोन काखांखाली दोन बांधायचे, अडलं तर एक सोडून पुढे ढकलायचा, हे तुमच्या पत्रातून कळलं. सोबतचे इंग्रजी कागद मी शब्दकोश घेऊन वाचले. (हार्नेस म्हणजे घोड्याचा साज. घरात दुसरं कोणी नाही, एकटीच हसले.) सिलिंडरचं बूड कमरेच्या कडीला आणि वरचं तोंड काखेशी धरायला इलॅस्टिकची दोरी. ती पाठीवरून एकच लांब घ्यावी की दोन बाजूंना दोन वेगळ्या, हे तुम्ही मला विचारलंत, कारण ब्लाऊजचा मुंढा, काखेचा घेर, मी रोज कापते. योग्य माणसाला विचारलंत.

कॅम्प पाचच्या बाजारात इलॅस्टिक मागितलं, तर दुकानदाराने विचारलं, "भाभी, पेटीकोट के लिए चाहिए?" म्हटलं, "आदमी के लिए." त्याने सगळ्यात जाड दोरी काढली. घरी रॉकेलचे दोन डबे पाण्याने भरून काखेखाली बांधले, पण कोरड्यात काही कळेना. म्हणून विहीर.

पदर खोचून, अंगाला दोन डबे बांधून विहिरीच्या पायऱ्या उतरणारी विधवा बाई शेजारच्या गयाबाईंना दिसली. त्यांनी जी बोंब ठोकली! त्यांचे यजमान शंकरराव दोर घेऊन धावत आले. "वहिनी, असं नका करू हो, दादांना काय वाटेल?" कमरेएवढ्या पाण्यातून मी म्हटलं, "दादांचं राहू द्या, हा उजवा डबा सोडा." त्यांनी घाबरत सोडला. त्यासरशी ती लांब दोरी सगळी डावीकडे ढिली झाली आणि डावा डबा काखेतून निसटून बाजूला गेला. बोगद्यातल्या लोखंडी जाळीत असा सिलिंडर अडकला असता, भावजी. मग दोन वेगळ्या दोऱ्या लावल्या. उजवा सोडला तरी डावा जागच्या जागी. तोवर काठावर जमलेल्यांत एक दोरी की दोन, असे दोन तट पडले होते. गयाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला तर बाई एकच बरी वाटते. धुवायला सोपी."

तेव्हा दोन वेगळ्याच. तुमच्या दादांना पोचवून आले त्याला सहा वर्षं झाली. आणखी कोणाला पोचवायला मला सवड नाही, लग्नसराईची शिवणं पडली आहेत.

तुमची,
द्रौपदीवहिनी

ता. क. दोऱ्या तयार आहेत, पण पोस्टाने पाठवत नाही. सैल झाली तर सिलिंडर सुटेल, घट्ट झाली तर हात उचलणार नाही. मुंढ्याचं माप पत्रातून घेता येत नाही. आधी इथे या.

आणखी एक. येत्या अठराला उतरायचं ठरलंय हे तुम्ही लपवलंत, पण तुमच्या लेकीने, मीनलने सांगितलं. विहिरीच्या दुसऱ्या दिवशी मी कात्रपला तुमच्या ठेकेदाराच्या घरी गेले आणि माप घेतल्याशिवाय तुम्ही पाण्यात उतरणार नाही, असं त्याला सांगून आले.