साठ किलोचा आल्त्या

२३ नोव्हेंबर, रविवार

कबड्डीच्या हंगामातली दुसरी स्पर्धा, दुसरी हार. नसरापूर. चार गुणांनी.

नाना म्हणाले होते, टेम्पोत कुणी तोंड उघडायचं न्हाई. मार्गासनी यायच्या आत सगळ्यांनी उघडलं. विषय एकच, आल्त्या. गेल्या साली साठ किलोच्या गटात हाच अल्ताफ समोरच्यांच्या हद्दीत पार मागच्या रेषेपर्यंत घुसायचा, दोघातिघांना मारून यायचा. वेल्ह्याच्या पोरांनी खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवलेला. औंदा काय? नियमापुरती रेषा ओलांडतो, वळतो, माघारी. रिकाम्या हातानं.

विक्या (तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान, संघाचा बिनपगारी टीकाकार) फळीवर बसून म्हणाला, "चढाई कसली राव, हजेरीची सही करून येतंय ते."

टेम्पो हसून हसून हलला. आल्त्या आत नव्हता. तो तिकडूनच भोरच्या एसटीत बसला, कुणाशी न बोलता.

खरं सांगायचं तर शेवटची पाच मिनिटं मी बघितलीच नाहीत. मैदानामागं एक म्हातारा शेळीचा जबडा उघडून, दात बघून वय सांगत होता. वाईच थांबलो. परत आलो तर लोक सतरंज्या झटकत होते.

२४ नोव्हें.

शेवंताकाकूच्या टपरीवर कोर्ट भरलं. न्यायाधीश नाना. संघ तेच निवडतात. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, जुन्या पकडीतली, त्यामुळं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतात, प्रसाद घेतल्यासारखा.

विक्या : गडी घाबरला. विषय संपला.

काकू : आरं लगीन ठरलं आसंल. लगीन ठरलं की समदीच जपून खेळत्यात.

नानांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "घाबरल्याला गडी म्या लांबनं वळखतो. त्यो समोरच्याच्या डोळ्यात बघत न्हाई. हा बघतुया. पायबी बरोबर टाकतुया. आन मधीच माघारी."

"मग काय म्हणायचं त्याला?"

"ठावं न्हाई."

नानांना ठाऊक नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं. 

मी म्हणालो, आल्त्या दहावीला माझ्या बाकावर होता, मामाकडं राहायचा हितं, विहिरीत पहिली उडी त्याची असायची. तो भिणाऱ्यातला नाही.

विक्या : मग तू जाऊन इचार की त्याला. तसंबी तुला काय काम हाय?

लागलं ते. कापूरहोळच्या गोडाऊनवाल्यानं सोमवारपासून कामाला ये म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर आठवलं, आज सोमवारच.

२७ नोव्हें.

गोडाऊनला फोन केला. म्हणाला बघू. बापू जेवताना म्हणाले, "आधी कुरिअर, मग पोल्ट्री, आता गोडाऊन. एखादं जागंवर टिकून बघ." आई म्हणाली जेवू द्या त्याला.

रविवारी साखरला स्पर्धा. नानांचा निरोप : भोरला जाऊन आल्त्याला गाडीवर घेऊन ये, एसटीचा भरवसा नाही. बरं झालं. विचारता येईल.

३० नोव्हें., रविवार

आज बरंच आहे लिहायला. नीट लिहितो.

पहाटे निघालो. थंडी मरणाची, हँडलवर बोटं गळाली. भोरला आल्त्याच्या घरी गेलो तर त्याची अम्मी म्हणाली, नदीकडं पळायला गेलाय. गेलो. नीरेच्या काठानं एक माणूस पळतोय, दोन स्वेटर, वरून रेनकोट, डोक्याला मफलर. नोव्हेंबर संपत आला आणि रेनकोट! जवळ आला तर आल्त्या. सारखा थुंकत होता.

"पाऊस हाय का रं?"

"घाम काढतोय. गप बस."

मग सगळं निघालं. वेल्डिंगच्या दुकानात लागल्यापासून त्याचे खांदे भरलेत, हाडं वाढलीत. गुरुवारी चौसष्ट भरला होता. काट्यावर साठच्या वर काटा गेला की गट बंद. म्हणून तीन दिवस एकवेळचं अर्धं खायचं, कालपासून पाण्याचा थेंब नाही, आणि हे पळणं. नसरापूरलाही हेच. त्याच्या आधीही हेच. 

"म्हणून माघारी येतोस?"

"घुसलो की डोळ्यापुढं काळं येतं. दम पुरत न्हाई रे. 'कबड्डी कबड्डी' म्हणायला थुंकीच नसती तोंडात."

मी म्हणालो, नानांना सांगू. त्यानं माझा गळाच धरला. शपथ घातली. नानांना कळलं तर साठातून काढतील, आणि साठातून काढलं तर त्याला कुणी विचारणार नाही. "साठात मी वाघ हाय गण्या. खुल्या गटात शेळी."

शपथ घेतली.

आता माझी चूक. गुंजवण्याच्या मावशीला चार्जर द्यायचा होता. साखरच्या पुढंच तर आहे, पाच मिनिटं म्हणून गाडी तशीच पुढं नेली. मावशी अंगणात भात वाळत घालत होती. बसा म्हणाली. तांब्या-भांडं आणलं. आल्त्या म्हणाला, "नको मावशी."

"रोजा हाय का बाळा?"

"न्हाई मावशी, आता कुठला रोजा."

मग तिनं तांदळाची भाकरी, घेवड्याची भाजी वाढून आणली. हा परत नको. मावशीचा चेहरा उतरला. ताट हातात तसंच. हळू आवाजात म्हणाली, "आमच्यातलं चालत न्हाई व्हय? मग दुकानातली बिस्किटं आणू?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. आल्त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसला, मांडी घातली आणि ताट ओढून घेतलं. दोन भाकऱ्या. वर तांब्याभर पाणी. मावशी खूश, "भूक हुती की पोराला!" म्हणाली.

साखरला वजनकाटा रेशन दुकानातून आणलेला. आल्त्या चढला, वर गेला. वजन बंद व्हायला थोडाच वेळ. रेनकोट चढवून कापलेल्या खाचरातनं धसकटं तुडवत पळाला, घशात बोटं घातली, मावशीची भाकरी सगळी बांधावर. परत चढला. बसला साठात.

आणि मग खेळ. पहिल्याच चढाईत दम तुटला. पोटरीत गोळा आला, मध्यरेषेजवळ लंगडत बसला. लोक ओरडले, "बायकूला आठवतंय का रं?" कुणीतरी शेळीचा आवाज काढला. तो आपल्याच पोरांतनं आला होता.

हरलो. तिसरी.

२ डिसें.

विक्यानं त्या लंगडण्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, मागं शेळीचं बें बें जोडून. टपरीवर सगळे तोच बघतायत. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. एक वाक्य बोललो असतो तर विक्याचं तोंड बंद. पण शपथ.

तिथून उठलो. बाहेर पुण्याची पोरं तोरण्याची वाट विचारत होती. दाखवायला म्हणून गेलो आणि माचीच्या खालपर्यंत त्यांच्यासोबतच चढलो. एकाच्या बुटाचा तळ निघाला, तो दोरीनं बांधून दिला. उतरलो तेव्हा गोडाऊनचे दोन मिस्ड कॉल.

४ डिसें.

मावशीचा फोन. चार्जर चालतो म्हणाली. मग, "ते पोरगं बरं हाय का? ओठ सुकल्यालं हुतं त्याचं. घरी कुणी करून घालत न्हाई का त्याला?" काय सांगू. हो म्हणालो, नाही म्हणालो, दोन्ही म्हणालो.

६ डिसें., शनि.

भोर. आल्त्या लागलाय ते वेल्डिंगचं दुकान. खिडकीचं ग्रील करत होता. मी म्हणालो, सरळ खुल्या गटात उतर ना, तिथं वजनाची अट नाही. पोटभर खा, पाणी पी, जसा आहेस तसा खेळ.

काच वर करून म्हणाला, "भोरचा बंड्या बघितलास का? डाव्या कोपऱ्यात असतो. म्हशीएवढा. घोटा धरला की सोडत न्हाई. मागच्या साली एकाचा गुडघा फिरला त्याच्या हातात."

"म्हणजे घाबरतोस."

"न्हाई."

"घाबरतोसच. विक्या बरोबर बोलतोय, फक्त त्याला ठावं न्हाई कशाला घाबरतोस ते."

बोललो आणि चटका बसला, मलाच. त्यानं वेल्डिंग बंद केलं. 

"आणि तू रे? तू कुठल्या गटात खेळतोस? काट्यावर तरी चढलास का कधी? कुठलीबी गोष्ट चालू झाली की तुझा पाय बाहेर. मी हरतो तरी आत जाऊन हरतो."

चहा पण न पिता निघालो. येताना कापूरहोळला गोडाऊनसमोर गाडी थांबवली. शटर उघडं होतं, माणसं पोती उचलत होती. बघत उभा राहिलो. मग घरी आलो.

९ डिसें.

आज नानांनी सांगून टाकलं, भोरच्या स्पर्धेला साठात आल्त्या बाहेर बसणार, त्याच्या जागी नवं पोरगं. टपरीवर विक्यासुद्धा म्हणाला, "वाईट वाटतंय पण." खरंच वाटत होतं त्याला. गेल्या साली आल्त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत तोच पुढं होता.

नानांच्या मागोमाग त्यांच्या वाड्यापर्यंत गेलो. म्हणालो, नाना, भोरला तरी घ्या त्याला, त्याच्या गावात स्पर्धा आहे, घरची माणसं येणार. नाना थांबले. "तुला कायतरी ठावं हाय." मी बोटं मोडत उभा. "सांगत न्हाईस ना? नगं सांगू. वजनाला यिऊ दे त्याला. काट्यावर बघतो म्या."

आल्त्याला फोन केला. एवढंच म्हणालो, "नाना काट्याशी उभे राहणार हायत. तूच सांग त्यांना." त्यानं फोन ठेवला.

१३ डिसें.

गुंजवण्याला मावशीकडं. जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हापासून तिला माणसं जपायची सवय लागलीय, कुणी उपाशी गेलं की तिला दिवसभर चैन नाही. उद्या भोरला चाललोय म्हटल्यावर बाटलीभर ताक दिलं. जिरं, मीठ, थोडी मिरची. "त्या पोराला दे. सांग मावशीनं दिलंय. आन न्हाई म्हणाला तर मला फोन लाव, म्या बोलते."

म्हटलं नको ना मावशी. बाटली पिशवीत घातलीसुद्धा.

१४ डिसें., रविवार. भोर

मैदानाच्या कडेला बसून लिहितोय.

सकाळी वजनाला रांग. आल्त्या रेनकोट घालूनच आला होता. ओठ फुटलेले, गाल आत. नाना काट्याच्या शेजारी, हात पाठीमागं. मी ताक द्यावं की देऊ नये करत मागं रेंगाळत होतो. विक्यानं पिशवीत बघितलं, "हे काय, ताक? द्या की वाईच." ओढाओढीत आल्त्यानं वळून बघितलं.

"कुणाचंय?"

"मावशीनं दिलंय. तुझ्यासाठी. न्हाई म्हणालास तर फोन लावायला सांगितलाय."

त्याच्यापुढं रांगेत एकच माणूस. आल्त्या बाटलीकडं बघत राहिला. मग हसला. फुटलेला ओठ ताणला, रक्त आलं. बूच काढलं आणि तिथंच, काट्यापुढं, तोंड वर करून बाटली रिकामी केली. सगळी. शेवटी बुडाचं जिरंसुद्धा आपटून घेतलं.

मग रेनकोट काढला, स्वेटर काढले, आणि चढला.

काट्यावाला म्हणाला, "साठात बसत न्हाई."

नाना म्हणाले, "खुल्यात घाला."

एवढंच. विचारलं नाही, रागावले नाहीत. फक्त त्याच्या फुटलेल्या ओठाकडं बघितलं आणि वाकड्या बोटांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जोरात. "आसं हुतं व्हय," म्हणाले. "गाढवा. दम मोजून खेळत हुतास."

विक्यानं खिशातनं मोबाईल काढला, काहीतरी दाबलं, परत ठेवला. नंतर बघितलं, स्टेटस गेलं होतं. 

रांग रिकामी झाल्यावर मीही काट्यावर चढलो, उगाच. विक्या ओरडला, "हा बघा, बसतोय साठात! ह्याला घ्या!" सगळे हसले. मीही. पण उतरताना आल्त्याचं ते 'काट्यावर तरी चढलास का कधी' आठवलं.

दुपारी आल्त्या दोन वडापाव आणि तीन केळी खाऊन माझ्याशेजारी येऊन बसला. समोर भोरचे गडी अंग मोकळं करत होते. बंड्या खरंच म्हशीएवढा आहे.

"गण्या."

"काय?"

"लई भ्या वाटतंय."

मी म्हणालो, "मलाबी." तो म्हणाला, "तुला कशाचं?" उद्या सोमवार. गोडाऊनवाल्यानं शेवटचं सांगितलंय. पण ते बोललो नाही.

आत्ता नाणेफेक झाली. पहिली चढाई आपली. नानांनी नाव घेतलं, अल्ताफ. भोरची पोरं ओरडतायत, "आपलाच हाय, पण फितूर!" त्याची अम्मी तिकडं बायकांत उभी आहे, पदर तोंडाला. विक्या माझ्या खांद्यावर हात टाकून : "बघू आता. सही करून येतो का मुक्काम करतो."

आल्त्या रेषेपाशी वाकलाय, मातीला हात लावतोय. बंड्यानं मांडीवर थाप मारली.

मागं कुणीतरी शेळीचे दात बघून वय सांगतंय, तोच आवाज, नसरापूरचाच म्हातारा असणार. लोक हसतायत.

मी वळत नाही.